डॉक्टरेटनंतर विज्ञानाच्या अध्यापन-संशोधनात कसे जावे : नागपुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

प्रबंधावरची तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा, आटोपते, बाहेरून आलेले परीक्षक अहवालावर सही करतात, विभागात पेढे वाटले जातात आणि काही दिवसांनी विद्यापीठाची अधिसूचना निघते. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी नेमके काय करायचे, हे मात्र फार थोड्या विभागांत कोणी बसून सांगते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या अमरावती मार्गावरील परिसरात मी अनेक वर्षे असे नवे डॉक्टर पाहत आलो आहे. ते हुशार असतात, कष्टाळू असतात, आणि आता पुढचे आपोआप होईल या समजुतीत एकेक वर्ष हातचे घालवत असतात. त्यांना मला एकच सांगायचे आहे. डॉक्टरेटनंतरची पहिली पाच वर्षे मोजून खर्च करावीत, कारण या क्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक संधीला वयाची किंवा पदवीच्या तारखेची अट जोडलेली असते, आणि ती अट ओलांडली की पुढे कितीही चांगले काम केले तरी ती संधी परत येत नाही.

चार तारखांचा कागद

एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर आपली जन्मतारीख, प्रबंध सादर केल्याची तारीख, व्हायवाची तारीख आणि पदवीच्या अधिसूचनेची तारीख लिहावी. त्याखाली पुढील पाच वर्षांचे रकाने पाडून प्रत्येक रकान्यात त्या वर्षी आपले वय किती असेल आणि पदवीला किती वर्षे झालेली असतील हे मांडावे. मग एकेक योजना त्या रकान्यांत बसते की नाही ते पाहावे.

केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप सर्वसाधारण उमेदवाराला वयाच्या ३२ वर्षांपर्यंतच मिळू शकते. ती पाच वर्षांची असते, दरमहा १ लाख २५ हजार रुपये आणि संशोधनासाठी वर्षाला ७ लाख रुपये देते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतःच्या विषयावर स्वतंत्रपणे काम करू देते. संशोधनाला निधी देणाऱ्या पूर्वीच्या सर्ब या केंद्रीय मंडळाची जागा २०२४ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली. त्या संस्थेची नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, म्हणजे डॉक्टरेटनंतरच्या संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, दोन वर्षांची असून तिची वयोमर्यादा ३५ आहे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि महिला उमेदवारांना तीत पाच वर्षांची सवलत मिळते. सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांत, म्हणजे पर्यावरणावर काम करणाऱ्या आपल्या नीरीतही, शास्त्रज्ञ पदाची सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ आहे. अमेरिकेत जाण्यासाठीची फुलब्राइट-नेहरू पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप पदवीला चार वर्षे पूर्ण होण्याच्या आतील उमेदवारांसाठी असते. युरोपातील मेरी क्युरी पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप वय विचारत नाही, परंतु डॉक्टरेटनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांहून अधिक नसावा आणि ज्या देशात जायचे तेथे मागील ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य झालेले नसावे, अशा तिच्या अटी असतात.

आता आपल्याकडच्या एखाद्या सर्वसाधारण विद्यार्थ्याचा हिशेब करून पाहू. तेविसाव्या वर्षी एम.एस्सी. झाली, नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे प्रयत्न आणि पेट, म्हणजे विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा, यांत दोन वर्षे गेली, पंचविसाव्या वर्षी नोंदणी झाली, आणि यंत्र बंद पडणे, रसायने उशिरा येणे, परीक्षकांचे अहवाल रेंगाळणे असे सगळे धरून एकतिसाव्या वर्षी पदवी हातात आली. सर्वसाधारण प्रवर्गात असल्यास त्याच्याजवळ इन्स्पायर फॅकल्टीसाठी आणि सीएसआयआरच्या शास्त्रज्ञ पदासाठी जेमतेम एक वर्ष उरते. ते वर्ष ‘जरा थांबून बघू’ म्हणण्यात गेले, तर वरच्या पाच संधींपैकी या दोन कायमच्या जातात. म्हणून माझा आग्रह असतो की प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहीत असतानाच पहिला अर्ज जावा. नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपसाठी प्रबंध सादर करून पदवीची वाट पाहणाऱ्यांनाही अर्ज करता येतो, आणि आपल्याकडे प्रबंध सादर करणे व अधिसूचना निघणे यांत जे महिने जातात, ते यामुळे वाया जात नाहीत.

कागदपत्रे

हा भाग कंटाळवाणा आहे, पण मी स्वतः यात एक वर्ष घालवले आहे. मी एका केंद्रीय संस्थेत अर्ज केला तेव्हा राज्य शासनाच्या नमुन्यातील जातीचे प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर जोडले होते. केंद्राचा नमुना वेगळा असतो हे मला ठाऊक नव्हते. छाननीत अर्ज बाद झाला, आणि ती जाहिरात पुन्हा दोन वर्षांनी निघाली.

महाराष्ट्रातील उमेदवाराने लक्षात ठेवावे की राज्याची आणि केंद्राची इतर मागासवर्गाची यादी एक नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे प्रवर्ग राज्यापुरते आहेत. केंद्रीय संस्थेत अशा उमेदवाराची जात केंद्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत असेल तरच त्या प्रवर्गातून अर्ज करता येतो. राज्याने २०२४ मध्ये दिलेले सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचे आरक्षणही केंद्रीय संस्थांना लागू होत नाही. केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र सेतू केंद्रातून वेगळे मागून घ्यावे लागते, आणि ते त्या आर्थिक वर्षाचे असावे लागते. राज्यातील पदांसाठी जात वैधता प्रमाणपत्र हाताशी असावे. जात पडताळणी समितीकडे प्रकरण पडून असताना मुलाखतीची तारीख आलेले उमेदवार मी पाहिले आहेत.

पदवीबरोबर विद्यापीठाकडून आणखी एक प्रमाणपत्र आठवणीने मागावे. आपली पीएच.डी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २००९, २०१६ किंवा २०२२ च्या, म्हणजे आपल्या नोंदणीच्या वेळी लागू असलेल्या, नियमावलीनुसार झाली आहे असे त्यात लिहिलेले असते, आणि नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) यांतून सूट मागताना छाननी समिती तेच पाहते. मूळ प्रबंधाची शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहात, नोंद झाली आहे की नाही तेही एकदा तपासावे. प्रयोगशाळेतील वह्यांची आणि मूळ विदांची, म्हणजे मोजमापांच्या नोंदींची, एक प्रत, मार्गदर्शकांना सांगून, स्वतःजवळ ठेवावी. दोन वर्षांनी एखाद्या नियतकालिकाचा समीक्षक मूळ आलेख मागतो, तेव्हा विभागातील तो संगणक बदललेला असतो.

तासिकेचे वर्ष

जून-जुलै आला की नागपूर विभागातील महाविद्यालयांच्या तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन देणाऱ्या, जागांच्या जाहिराती येऊ लागतात आणि नवे डॉक्टर मोठ्या संख्येने तिकडे वळतात. घरी कमावता माणूस नसेल, लग्न झालेले असेल, आईवडिलांचे उपचार चालू असतील, तर तासिका घेणे हा नाइलाज असतो आणि त्याबद्दल कोणी कोणाला दोष देऊ नये. मीही एक वर्ष गणेशपेठच्या बस स्थानकावरून सकाळची पहिली गाडी धरून एका तालुक्याच्या गावी शिकवायला गेलो आहे. तेथील मुलांनी मला शिकवायला शिकवले, हे मी कृतज्ञतेने सांगतो. मानधन मात्र सत्र संपल्यावर मिळाले, आणि त्या वर्षात माझा एकही शोधनिबंध पुढे सरकला नाही.

अडचण अशी की हे वर्ष अनुभव म्हणून मोजले जाईलच असे नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा थेट भरतीसाठी धरताना जी अट आहे, तीत त्या काळातील एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे असे म्हटले आहे. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात शैक्षणिक स्तर १० वर ५७,७०० रुपये आहे; तासिकेचे मानधन त्याच्या जवळपासही जात नाही. त्याच नियमावलीनुसार पीएच.डी. करण्यात गेलेला काळही अध्यापन किंवा संशोधनाचा अनुभव म्हणून धरला जात नाही, नोकरी सांभाळून रजा न घेता ती केली असेल तर गोष्ट वेगळी.

याउलट केंद्राच्या अर्थसाहाय्याने चालणाऱ्या प्रकल्पातील रिसर्च असोसिएटला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आणि त्यावर घरभाडे भत्ता मिळतो, आणि तो काळ संशोधनात जातो. नीरी, कापूस संशोधन संस्था, मृदा सर्वेक्षण संस्था, व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था यांच्या संकेतस्थळांवर प्रकल्पांतील पदांच्या जाहिराती निघत असतात. दर सोमवारी सकाळी अर्धा तास ही संकेतस्थळे पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण थेट मुलाखतीच्या जाहिरातींना वृत्तपत्रात जागा मिळतेच असे नाही. तासिका घ्यायचीच असेल तर एका शैक्षणिक वर्षापुरती घ्यावी, आठवड्यातले दोन पूर्ण दिवस लिखाणासाठी मोकळे ठेवून घ्यावी, आणि त्या वर्षात कोणते दोन अर्ज व कोणता एक शोधनिबंध जाणार हे आधी लिहून ठेवावे. एकामागून एक सात-सात, आठ-आठ वर्षे तासिका करत राहिलेली माणसे या शहरात आहेत. त्यांच्यात बुद्धीची कमतरता नव्हती. दरवर्षी जूनमध्ये ‘यंदा जागा भरतीलच’ असे कोणीतरी त्यांना सांगत गेले.

पोस्ट-डॉक कुठे आणि कसे मिळवावे

पोस्ट-डॉक म्हणजे पीएच.डी.चीच आणखी दोन वर्षे, अशी समजूत असेल तर ती आधी काढून टाकावी. मार्गदर्शकांच्या विषयात, त्यांच्याच यंत्रावर, त्यांच्याच नावाबरोबर आणखी चार शोधनिबंध निघाले तर यादी लांबते, परंतु पुढे निवड समितीतील जाणता माणूस एकच प्रश्न विचारतो, ‘यातले तुमचे काय?’ त्या प्रश्नाचे उत्तर तयार करण्यासाठी ही दोन-तीन वर्षे असतात. म्हणून संस्था बदलावी, शक्यतो शहर बदलावे, आणि आपल्याला येत नाही असे निदान एक तंत्र जिथे शिकता येईल अशी प्रयोगशाळा निवडावी. आयआयटी आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधनाच्या केंद्रीय संस्था) यांच्या सहायक प्राध्यापक पदांच्या जाहिरातींत पीएच.डी.नंतरचा साधारण तीन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो, तोही याच अपेक्षेने.

प्रयोगशाळा निवडताना संस्थेच्या नावापेक्षा त्या गटातून बाहेर पडलेली माणसे आज कुठे आहेत हे पाहावे. गटाच्या संकेतस्थळावर माजी सदस्यांची यादी असते. त्यातील दोघांना पत्र लिहून विचारावे की प्रमुखांनी स्वतंत्र निबंध लिहू दिला का आणि बाहेर पडताना विषयाचा काही भाग बरोबर नेऊ दिला का. हे विचारण्यात संकोच नसावा. चांगल्या गटातील लोक अशा पत्राला मोकळेपणाने उत्तर देतात.

आता प्रत्यक्ष पत्राविषयी. आपल्याकडून जाणारी बहुतेक पत्रे ‘आपल्या जगप्रसिद्ध संशोधनाने मी प्रभावित झालो आहे’ या वाक्याने सुरू होतात आणि तेथेच मिटवली जातात. नागपूर विद्यापीठात फॉस्फरवर, म्हणजे प्रकाश किंवा किरणोत्सर्ग शोषून पुन्हा प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर, दीर्घकाळ काम होत आले आहे. तेव्हा उदाहरण तेथलेच घेतो. समजा, एका मुलीने ज्वलन पद्धतीने फॉस्फर तयार करून त्यांचे थर्मोल्युमिनेसन्स, म्हणजे तापवल्यावर बाहेर पडणारा प्रकाश, मोजले आहे आणि तिला किरणोत्सर्ग-मापनावर काम करणाऱ्या एखाद्या परदेशी गटात जायचे आहे. तिने पहिल्याच परिच्छेदात असे लिहावे : आपल्या अमुक निबंधातील तिसऱ्या आकृतीत किरणोत्सर्गाची मात्रा वाढवल्यावर ग्लो कर्व्हचे, म्हणजे तापमानानुसार प्रकाश दाखवणाऱ्या आलेखाचे, शिखर कमी तापमानाकडे सरकलेले दिसते, माझ्या नमुन्यातही तसेच दिसले, सोबत आलेख जोडला आहे, मी त्याचा अर्थ असा लावला, पण पदार्थातील दोष नेमका कोणता हे केवळ या मोजमापावरून ठरत नाही. दुसऱ्या परिच्छेदात तिने आपल्याला काय करता येते ते सांगावे, आणि इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स हे दोष ओळखण्याचे तंत्र स्वतःला येत नाही, ते यजमानांच्या गटात शिकून या दोषाची ओळख पटवायची आहे, हेही स्पष्ट लिहावे. तिसऱ्यात कोणत्या फेलोशिपसाठी अर्ज करणार आणि तिची अंतिम तारीख काय, हे द्यावे. एवढे पुरे. सोबत दोन पानांचा परिचय आणि एका पानाचा आराखडा. असे पत्र वाचणाऱ्याला दहा मिनिटांत कळते की ही व्यक्ती आपले निबंध वाचते, स्वतःच्या कामाची मर्यादा ओळखते आणि पैशाची व्यवस्था करण्याचा प्रयत्न करते. अशी दहा पत्रे लिहायला महिना लागतो, आणि तो महिना द्यावा. उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करावी, त्यानंतर पुढे जावे.

मेरी क्युरीचे अर्ज साधारणपणे दरवर्षी सप्टेंबरमध्ये बंद होतात, म्हणजे यजमान शास्त्रज्ञाशी बोलणी उन्हाळ्यातच व्हायला हवीत. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपसाठीही यजमानाची संमती आधी लागते. परदेशी जाणे शक्य नसलेल्यांनी, आणि अशी कौटुंबिक कारणे महिलांच्या वाट्याला अधिक येतात, देशातील पोस्ट-डॉक कमी दर्जाचे समजू नये. बंगळुरू, पुणे, हैदराबाद येथील गटांत दोन वर्षे मन लावून केलेले काम परदेशातील सामान्य गटापेक्षा पुढे अधिक उपयोगी पडलेले मी पाहिले आहे. लग्न किंवा बाळंतपण यामुळे संशोधनात खंड पडलेल्या महिलांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण कार्यक्रमात स्वतंत्र योजना आहेत, आणि त्यांची वयोमर्यादा इतर योजनांपेक्षा बरीच सैल आहे. खंड पडला म्हणून अर्जच न करणाऱ्या मुलींना हे आवर्जून सांगावे लागते.

शिफारसपत्रांसाठी तीन नावे लागतात. मार्गदर्शक हे एक झाले. दुसरे नाव बाहेरच्या परीक्षकांचे असू शकते, कारण प्रबंध ओळीन् ओळ वाचलेले ते बहुधा एकमेव बाहेरचे शास्त्रज्ञ असतात. व्हायवानंतर आठवडाभरात त्यांना आभाराचे पत्र लिहून पुढे शिफारस मागण्याची परवानगी घेऊन ठेवावी.

विषय इथलाच असू शकतो

नागपुरात राहून मोठे विज्ञान कसे करणार, असे तरुण मला विचारतात तेव्हा मला वाईट वाटते. ज्या प्रश्नाचा नमुना आपल्या दाराशी आहे, तो प्रश्न घेऊन बसणारा माणूस कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेच्या पुढे दोन पावले असतो. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांची राख, विदर्भातील सिकलसेल, कपाशीवरील गुलाबी बोंडअळी, संत्र्याच्या बागांचा ऱ्हास, बेसाल्ट खडकात उल्काघाताने झालेले आणि खारट-अल्कधर्मी पाण्याचे लोणार सरोवर, मनसरचे मँगनीज, हे सर्व आपल्या आवाक्यातले आहे. समृद्धी महामार्गाने लोणारला एका दिवसात जाऊन येता येते. मात्र ते वन्यजीव अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही, तेव्हा पाण्याची एक बाटली भरण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी. रुग्णांच्या रक्ताचा नमुना घ्यायचा असेल तर आधी नैतिकता समितीची मान्यता घ्यावी. या परवानग्यांना महिने लागतात, म्हणून त्यांचे अर्ज प्रकल्पाच्या अर्जाबरोबरच करावेत.

शहरात विज्ञानसंस्थाही थोड्या नाहीत. विद्यापीठ १९२३ पासून आहे, नीरी १९५८ पासून, आजचे व्हीएनआयटी असलेले महाविद्यालय १९६० पासून, केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून. लिंबूवर्गीय फळांची, मृदा सर्वेक्षणाची आणि ॲल्युमिनियमची राष्ट्रीय केंद्रे येथेच आहेत, आणि मिहानमध्ये एम्स आहे. यांतील कोणत्या संस्थेत कोणते यंत्र आहे याची यादी प्रत्येक तरुण संशोधकाने स्वतः फिरून करावी. जे येथे नाही ते बाहेर मिळते. देशभरातील उपकरणांची नोंद असलेले आय-स्टेम हे संकेतस्थळ पाहावे, आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण-सुविधा केंद्रात नमुने पाठवावेत. इंदूरला यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम हे संशोधन-सुविधा केंद्र आहे आणि प्रखर क्ष-किरण देणारे इंडस-२ सिंक्रोट्रॉनही, तेही नागपूरहून एका रात्रीच्या प्रवासावर. खगोलशास्त्र किंवा सैद्धांतिक भौतिकशास्त्रातील महाविद्यालयीन शिक्षकांसाठी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राची व्हिजिटिंग असोसिएटशिप हा उत्तम आधार आहे.

नियमित पद

यूजीसीने ३० जून २०२३ च्या अधिसूचनेने सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट ही किमान अर्हता ठरवली आणि पीएच.डी. ऐच्छिक केली. नियमावलीनुसार पीएच.डी. झालेल्यांना नेट-सेटमधून सूट असली, तरी मी प्रत्येकाला नेट काढून ठेवायला सांगतो, कारण निवडपूर्व गुणतक्त्यात तिला वेगळे गुण आहेत. २०१८ च्या नियमावलीतील विद्यापीठांसाठीचा तक्ता १०० गुणांचा आहे. त्यात पदवीला कमाल १५, पदव्युत्तर पदवीला २५, पीएच.डी.ला ३०, जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) नेटला ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३, शोधनिबंधांना प्रत्येकी २ प्रमाणे कमाल १०, अध्यापन किंवा पोस्ट-डॉकच्या अनुभवाला वर्षाला २ प्रमाणे कमाल १० आणि पुरस्कारांना ३ गुण आहेत. महाविद्यालयांच्या तक्त्यात पीएच.डी.चे गुण २५ आणि शोधनिबंधांचे ६ असे कमी होतात, तर जेआरएफचे १० होतात.

हा तक्ता नीट वाचला तर एक गोष्ट डोळ्यांसमोर येते. पाच निबंधांत त्या रकान्याचे सर्व गुण मिळतात; सहाव्याला, दहाव्याला, पंचविसाव्याला तेथे काहीच मिळत नाही. तरीही पैसे भरून आठ दिवसांत निबंध छापणाऱ्या नियतकालिकांकडे आपली मुले धावतात. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून चांगले-वाईट ओळखण्याची जबाबदारी आपल्यावर अधिकच आली आहे. आपल्या विषयातील ज्यांना आपण मानतो ते शास्त्रज्ञ ज्या नियतकालिकांत लिहितात आणि ज्यांचा संदर्भ देतात, तेथेच लिहावे. छाननीतून पुढे गेल्यावर समितीच्या टेबलावर जे निबंध असतात, त्यांतले दोन चांगले असले तर दहा वाईटांची आठवणही निघत नाही. पण एक बनावट नियतकालिकातला निघाला तर चांगल्यांवरही शंका येते.

शासकीय महाविद्यालयांतील पदे, आपल्या शासकीय विज्ञान संस्थेतीलही, महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. केंद्रीय विद्यापीठांच्या जागा सीयू-चयन संकेतस्थळावर येतात. अनुदानित महाविद्यालयांत बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचा पदनिहाय क्रम, तपासून आणि उच्च शिक्षण सहसंचालकांचे ना-हरकत मिळून मगच जाहिरात निघते.

मुलाखतीत शिकवून दाखवायला सांगितले तर आपल्या प्रबंधातला विषय घेऊ नये. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा एखादा घटक घ्यावा, उदाहरणार्थ रासायनिक समतोल, आणि तो फळ्यावर, खडूने, मराठी माध्यमातून आलेल्या मुलालाही कळेल असा दहा मिनिटांत मांडावा. संशोधनावरील सादरीकरणात मागे काय केले याला एक तृतीयांश आणि येथे येऊन काय करणार याला दोन तृतीयांश वेळ द्यावा, आणि या संस्थेत आज जे आहे तेवढ्यावर पहिल्या वर्षी काय सुरू करता येईल हे ठामपणे सांगावे. कोट्यवधींचे यंत्र मागणारा उमेदवार समितीला पेलवत नाही.

एका गोष्टीविषयी उघड लिहिणे आवश्यक आहे. मला एका खासगी अनुदानित संस्थेच्या मुलाखतीनंतर मध्यस्थामार्फत रक्कम सांगण्यात आली होती. वडिलांनी शेताचा तुकडा विकण्याची तयारी दाखवली आणि मी नाही म्हटले. पुढे नोकरी लागायला आणखी दोन वर्षे लागली. ती वर्षे सोपी नव्हती, परंतु ज्या जागेसाठी शेत गेले असते त्या जागेवर बसून मुलांना प्रामाणिक विदा कशी नोंदवायची हे मला शिकवता आले नसते. म्हणून सांगतो, पैसे देऊ नयेत, उसने काढून तर मुळीच नाही, आणि असा प्रस्ताव आला की त्या जागेचा विचार सोडून कागदावरील पुढच्या रकान्याकडे वळावे.

रुजू झाल्यावर

पहिल्या वर्षी तासिका, परीक्षा, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली, मतदानाचे काम असे सगळे अंगावर येते. तरीही पहिल्या सहा महिन्यांत एक प्रकल्प-अर्ज गेलाच पाहिजे, कारण अनुसंधान फाउंडेशनच्या प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँटसारख्या योजना नव्याने रुजू झालेल्यांसाठीच असतात आणि तेथेही कालमर्यादा चालू झालेली असते. पीएच.डी. असलेल्याला वेतनाच्या शैक्षणिक स्तर १० वरून ११ वर जायला चार वर्षे लागतात. त्यासाठी लागणारा प्रवेश प्रशिक्षण वर्ग लवकर उरकावा.

मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळाली की विद्यार्थी येऊ लागतात. २०२२ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. चारही जागा एकदम भरू नयेत. पहिला विद्यार्थी असा घ्यावा की ज्याच्या विषयाचा नमुना मिळण्याचे ठिकाण, लागणाऱ्या यंत्राची वेळ आणि रसायनांचे पैसे या तिन्हींची व्यवस्था नोंदणीपूर्वीच झालेली आहे, आणि नोंदणीच्या दिवशी त्याला समोर बसवून त्याची जन्मतारीख विचारावी व त्याच्याबरोबर पुढच्या वर्षांचे रकाने पाडून घ्यावेत.